गुलाबी येत नाही

"हा आल्बम घेऊन जा तुझा," आई काल म्हणाली, "यात माझी मुलगी नाही." रडून नाही, चिडूनही नाही, दुकानात कापड परत करताना म्हणावं तसं म्हणाली. मला आधी वाटलं, झालं, म्हातारीचं डोकं चाललं. पण आईचं डोकं माझ्यापेक्षा शाबूत आहे. तिने एकेक पान उलटून मला दाखवलं: बारकी शाळेच्या गणवेशात, बारकी नव्या चष्म्यात, बारकी औषधांच्या दुकानात काउंटरमागे पांढरा कोट घालून. प्रत्येक फोटोवर आईचं बोट हनुवटीशी येऊन थांबलं. "खूण कुठाय?" पुढचं पान. "इथे कुठाय?" बारकी म्हणजे माझी धाकटी बहीण. पाच महिन्यांपूर्वी चार दिवसांच्या तापात गेली. तिच्या हनुवटीवर, डाव्या अंगाला, तीन टाक्यांची खूण होती. सहाव्या वर्षापासून होती आणि एकेचाळिसाव्या वर्षी तिच्याबरोबर गेली. आल्बममधल्या एकाही फोटोत ती खूण नव्हती, कारण ती मी पुसली होती. सगळ्या फोटोंतून. "मला खुणेसकट एक फोटो दे," आई म्हणाली, "भिंतीवर लावायला. नाहीतर भिंत मोकळी राहू दे. या परक्या बाईकडे बघून मला रडूसुद्धा येत नाही रे."

लोक मला फोटोवाले म्हणतात, पण मी फोटो काढत नाही. दुसऱ्यांनी काढलेले नीट करतो. मुरमं, चामखिळी, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, पुढे आलेली पोटं. एकदा तर एका घरच्या समारंभाच्या फोटोतून अख्खा जावई काढून टाकलाय, सासऱ्यांच्या आग्रहावरून. या धंद्याचा पहिला धडा असा की मूळ फोटोला हात लावायचा नाही. त्याची प्रत करायची आणि काय खेळ करायचे ते प्रतीवर करायचे. आमच्या फोटो लॅबमध्ये नवा माणूस आला की पहिल्या दिवशी मी त्याच्याकडून हे घोकून घेतो. कुणा अनोळखी गिऱ्हाइकाच्या आत्याचा मूळ फोटो माझ्याकडे दहा वर्षं जपलेला सापडेल. आणि घरचे? जुन्या आल्बमला ओल लागली तेव्हा सगळे फोटो मी स्कॅन केले, सुट्टीच्या दिवशी बसून एकेक साफ केला, त्याच फाइलवर सेव्ह केला आणि बुरशी आलेले कागद रद्दीत घालून टाकले. नवा आल्बम आईच्या हातात देताना केवढी माझी ऐट! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पुढचे फोटोही तसेच. बारकी फोनवरून पाठवायची, मी खूण पुसून परत पाठवायचो. तिच्या ओळखपत्रावरचा फोटोही माझ्याच हातचा. काल आईकडून आल्यावर बारकीचा फोन उघडून बघितला, तर त्या शहाण्या फोनने स्वतःच्या अकलेने सगळ्यांचे चेहरे उकडलेल्या अंड्यासारखे करून ठेवलेले. म्हणजे मी विसरलो असतो तरी सुटका नव्हती. माझं एक चुकलं की सगळं जग माझ्या मदतीला धावतं.

तेव्हा ती खूण आता मलाच परत काढायला हवी होती, आणि फोटो घरीच छापायला हवा होता. लॅबमध्ये अर्ध्या तासाचं काम आहे. पण लॅबच्या मशीनवर फाइल गेली की आधी मशीनच चेहऱ्यावरून एक हात फिरवतं, आणि तिथे बसलेल्या माणसाला खूण दिसली की तो न विचारता पुसतो. मीच शिकवलंय त्याला. सकाळी उठून मी घरच्या प्रिंटरवरची चादर काढली. ही चादर पाच महिन्यांची. इंकजेटला असं ठेवून चालत नाही. आठवड्याला एक रंगीत पान तरी काढावं लागतं. त्याच्या हेडमध्ये, म्हणजे शाई फवारणाऱ्या भागात, केसापेक्षा बारीक भोकं असतात, नाहीतर त्यांत शाई सुकून बसते. मला हे माहीत नव्हतं असं नाही. दर रविवारी मी चादरीकडे बघायचो आणि पेपर उघडायचो. आज तपासणीचं पान काढलं. काळ्या रेघा आल्या, निळ्या आल्या, पिवळ्या आल्या. गुलाबीच्या जागी कोरा कागद. एखादी तुटकी रेघ असती तरी म्हटलं असतं, जीव आहे. काही नाही. तिथे थांबायचं की नाही शहाण्या माणसाने? मी आपला म्हटलं, बघू तरी, आणि बारकीचा काउंटरमागचा फोटो छापायला दिला. कागद इंच इंच बाहेर यायला लागला. आधी केस आले, ते ठीक होते. मग कपाळ आलं, हिरवट. मग डोळे, मग गाल. गुलाबी नसला की माणसाचा चेहरा असा होतो. यंत्राची चूक असते, रोज बघतो मी. पण तो चेहरा मी आधी एकदा बघितला होता, पाच महिन्यांपूर्वी, नर्सने चादर खाली केली तेव्हा. तो असाच होता, ओठांसकट. आणि आत्ता तो माझ्याकडे बघत हसत होता. मी कागद ओढून काढला, उलटा करून टेबलावर ठेवला, आणि मग वाटलं की तिला असं पालथं कसं ठेवायचं, म्हणून पुन्हा सुलटा केला. मग वर वर्तमानपत्र टाकलं.

यंत्राला स्वतःची सफाई करायला सांगता येतं. तीनदा सांगितलं. तीनदा ते आत खुडबुडलं, शाई प्यायलं आणि गुलाबीची जागा कोरीच ठेवून पान बाहेर फेकलं. दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "हेड गेलं असणार साहेब, नवा प्रिंटर घ्या, त्यात जीव घालू नका." त्याला काय सांगणार? मग चारही रंगांच्या डब्या काढल्या, खटका वर केला आणि हेड हातात घेतलं. काडेपेटीएवढी वस्तू, पण हातात घेतली की जड वाटते. त्याच्या पाठीवर तांब्याचे ठिपके असतात, त्यांना पाणी लागलं की खेळ खलास. स्वयंपाकघरातून बशी आणली, तिच्यात मऊ कागदाची घडी घातली. बायको मागोमाग आली. "अहो, ती माझ्या चहाची बशी आहे!" मी म्हटलं, धुऊन देतो. "धुऊन देतो म्हणे. मागच्या वेळची निळी अजून पांढरी व्हायचीय." मागच्या वेळी, म्हणजे दीड वर्षापूर्वी, हे काम बारकीने केलं होतं. आम्ही दोघं त्या मागच्या वेळेपाशी एकदम येऊन थांबलो. बायको आत गेली आणि परत येऊन तिने टेबलावर एक बाटली आणि एक सिरिंज ठेवली. "फडताळात होती," म्हणाली. बाटलीवर बारकीचं अक्षर: प्रिंटरसाठी. पिऊ नये. दादासुद्धा.

दुकानात औषधं देता देता तिला सगळ्याच तुंबलेल्या गोष्टींचा नाद लागला होता. कुणाचं नाक, कुणाचं पोट, माझा प्रिंटर. डिस्टिल्ड वॉटर आणायची, सिरिंजच्या तोंडाला बारीक नळी लावायची, आणि मला बाजूला सारून बसायची. मी दिव्याचं तोंड वळवायचो, एवढंच माझं काम. "जोर नाही लावायचा दादा. जोर लावलास की आतला पडदा फाटतो. पाण्याला वेळ द्यायचा, ते आपलं आपण वाट काढतं." आज मी पाणी कोमट केलं, घडी भिजवली, हेड तिच्यावर अलगद बसवलं, आणि हे वाक्य कुणीतरी माझ्या उजव्या खांद्यामागे म्हणालं. आठवलं असं म्हणायला हरकत नाही. पण आठवलं की माणूस आपल्याच आवाजात आठवतो, आणि हा आवाज माझा नव्हता. सर्दी झाल्यासारखा किंचित बसका होता, नेहमी असायचा तसा. मी मागे बघितलं नाही. चोराच्या मनात चांदणं. मागे कुणी नसेल याची मला भीती होती की असेल याची, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. बशीत काळा उतरला, मग निळा, मग पिवळा, दोघांचा मिळून हिरवा. पुन्हा तोच हिरवा! मी घडी बदलली. पाणी बदललं. गुलाबीच्या भोकावर नळी बसवली, दट्ट्यावर अंगठा ठेवला, हलकेच दाबलं. दट्ट्या हलेना. "जोर नाही." नाही लावत, बाई. थांबलो. पुन्हा दाबलं.

हात रिकामे नसले तरी डोकं रिकामं असलं की ते घरी जातं. आमच्या जुन्या दोन खोल्या, लोखंडी कॉट, कॉटखाली ट्रंका. मी अकराचा. जमिनीवर पालथा पडून चित्र काढत होतो, शाळेत स्पर्धा होती. रंगांच्या वड्या मामाने दिलेल्या, नव्या. आभाळ काढलं होतं, संध्याकाळचं, गुलाबी. आयुष्यात पहिल्यांदा पाण्याचा रंग एकसारखा पसरला होता आणि मी त्याच्याकडे बघत श्वास धरून बसलो होतो. बारकी आली, उकिडवी बसली आणि आभाळात बोट घातलं. नुसतं ठेवलं नाही, फिरवलं. "गार आहे," म्हणाली. मी तिला ढकललं. लोक म्हणतात ना, रागाच्या भरात काय केलं कळलं नाही; तसलं काही नाही, मला व्यवस्थित कळलं. दोन्ही हातांनी, छातीवर, होता नव्हता तेवढा जोर लावून. तिची हनुवटी कॉटच्या कोपऱ्यावर आपटली. रडण्याआधी ती माझ्याकडे बघत राहिली, आणि त्या तेवढ्या वेळात मी तिच्याकडे न बघता चित्राकडे बघितलं, फार बिघडलंय का ते. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. आई धावत आली, टॉवेल घेतला, "काय झालं, काय झालं गं?" आणि बारकी हुंदके देत म्हणाली, "धावताना पडले." सहा वर्षांची पोर. तिला कुणी सांगितलं होतं असं म्हणायला? आई तिला उचलून दवाखान्यात गेली. मी दार लावून घेतलं आणि आभाळ दुरुस्त केलं. इतकं छान केलं की बोटाचा ठसा कुठे होता ते कळूही नये. बक्षीस मिळालं मला. धंद्याची सुरुवात तिथली.

मोठेपणी तिने एकदाच विषय काढला. दुकानाच्या परवान्यासाठी मी फोटो करून दिला होता. तो हातात धरून ती खो खो हसली. "दादा, ही कोण सुंदरी? आणि माझी हनुवटी कुठे गहाण ठेवलीस?" मी म्हटलं, चांगलं दिसतंय की. "राहू दे ना रे ती. तुझीच आहे." यावर मी काय करावं? क्षमा मागावी, पाय धरावेत, निदान मान खाली घालावी. मी म्हटलं, "सरकारी फोटोला स्वच्छ चेहरा लागतो." ती बरं म्हणाली. माझ्याकडून कायकाय येतं आणि काय येत नाही, हे तिला पहिल्यापासून ठाऊक असावं. विचार करता करता अंगठा दाबला गेला असणार, कारण एकदम दट्ट्या सरकला, सुईएवढ्या आवाजात काहीतरी सुटलं, आणि पांढऱ्या घडीवर गुलाबी उमटला. आधी ठिपका, मग रुपयाएवढा, मग कडेपर्यंत. माझ्या तोंडून "आली!" निघालं. बायको दारात येऊन उभी राहिली. कोण आली, असं तिने विचारलं नाही. मी घडीकडे बघत होतो. त्या दिवशीचा टॉवेलही पांढराच होता. मला आनंद झाला होता, खरंच झाला होता. तरी मी मोरीवर जाऊन हात धुतले. नखांच्या कडांचा गुलाबी काही गेला नाही.

हेड पूर्ण सुकल्याशिवाय बसवायचं नसतं. तीन-चार तास. तेवढ्यात खूण काढायची म्हणून कॉम्प्युटरवर बसलो. बारकीचा चेहरा मोठा केला, हनुवटी पडद्यावर ताटाएवढी झाली. पेन घेतलं. सत्तावीस वर्षं मी माणसांच्या अंगावरून जखमा पुसतोय. एक काढायला काय लागतं? काढली. ती खूण वाटेना, चिखल वाटला. पुसली. दुसरी काढली, ती फार ताजी झाली, ओली. तिसरीही ओलीच. मग लक्षात आलं. मला जखम आठवत होती, खूण आठवत नव्हती. ते आठ-दहा दिवस, टाके असेपर्यंत, मी त्या जखमेशिवाय दुसरं काही बघितलं नव्हतं. काळा दोरा, सुजलेली कड, पिवळं औषध, सगळं आत्ता काढून देईन. पण भरल्यानंतर? पस्तीस वर्षं ती माझ्यासमोर बसून बोलली, हसली, भांडली आणि मी एकदाही तिथे बघितलं नव्हतं. फोटोत आली की पुसत होतो, समोर आली की नजर चुकवत होतो. माझ्या बहिणीची हनुवटी मला माहीत नव्हती. ती पडद्यावरून माझ्याकडे बघत होती, मजेत, आता काय करतोस बघू, अशी. मी खुर्चीवर बसूनच बायकोला हाक मारली आणि विचारलं, कशी होती गं ती?

"म्हणजे?" ती म्हणाली. मग तिला समजलं, आणि तिने माझ्याकडे असं बघितलं की त्यापेक्षा तिने चार शब्द सुनावले असते तर परवडलं असतं. पण सोनारानेच कान टोचावे लागतात. ती शेजारी स्टूल घेऊन बसली. "सरळ नव्हती हो. खाली येऊन आत वळायची, चंद्रकोरीसारखी. आणि पांढरी होती, लाल कशाला काढताय? चमकायची जराशी. हसली की खुणेखाली एक खळगा पडायचा, त्याला ती खळी म्हणायची. म्हणायची, वहिनी, देवाने एकच दिली, तीही दादाच्या हातून." माझं पेन थांबलं. "तुला सांगितलं होतं तिने?" बायको म्हणाली, "लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात. तुम्ही कधी सांगताय म्हणून मी थांबले होते. वीस वर्षं झाली." ती सांगत गेली, मी काढत गेलो. जरा डावीकडे. अजून बारीक. बास. आणि मग चेहरा एकाएकी ओळखीचा झाला. डोळे तेच, हसू तेच, पण आता कुणीतरी आत येऊन बसलं होतं. बायकोने पदर डोळ्यांना लावला. मी एका हातात पेन धरून बसून होतो आणि मनात म्हणत होतो, दुसऱ्यांदा मीच केली. यावेळी निदान बघून केली.

चार वाजता हेड बसवलं. तपासणीच्या पानावर चारही रंगांच्या रेघा आल्या. गुलाबीत एक तुटकी होती, तेवढी चालते. चांगला जाड कागद लावला. कपाळ आलं, गाल आले, गालांत रक्त होतं. हनुवटी येईपर्यंत मी उभा राहिलो. सुकू दिला, फ्रेममध्ये घातला, हातोडी आणि खिळा पिशवीत टाकून आईकडे गेलो. आई खिडकीशी खुर्चीत बसली होती. तिने चष्मा लुगड्याने पुसला, फोटो उजेडाकडे वळवला आणि बघत राहिली. रस्त्यावर एक माणूस गाडी मागे घेत होता, दुसरा त्याला येऊ दे, येऊ दे म्हणत होता. "हं," आई म्हणाली. "ही बघ. ही माझी." आणि तिचा चेहरा मोडला. पाच महिन्यांत पहिल्यांदा ती रडली, लहान मुलीसारखी, आवाज करून. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मला वाटलं, जमलं. खिळा ठोकावा, चहा प्यावा आणि घरी जावं. गेलो असतो तर बरं झालं असतं. पण आईने नाक पुसलं, हनुवटीवरून बोट फिरवलं आणि कौतुकाने म्हणाली, "कार्टी घरभर धावायची नुसती. शंभरदा सांगायचे तिला." हे वाक्य मी पस्तीस वर्षं ऐकत होतो. ते आलं की मी पाणी प्यायला उठायचो. आताही पाय उठायला लागले.

"ती धावत नव्हती, आई," मी म्हणालो. "मी ढकललं तिला. चित्राला हात लावला म्हणून. मला वाचवायला ती खोटं बोलली."

आता ती ओरडेल, किंवा म्हणेल, असू दे रे, लहान होतास. दोन्हींची माझी तयारी होती, मनातल्या मनात दोन्हींना उत्तरंही देऊन झाली होती. पण आईने माझ्याकडे बघितलंच नाही. फोटोकडेच बघत राहिली. तिचं रडणं थांबलं होतं.

"दवाखान्यातून आणलं ना तिला," ती म्हणाली, "तेव्हा जिन्यात मी तिला मारलं. पाठीत दोन धपाटे घातले. टाके घातलेली पोर. परत धावशील का, परत धावशील का, म्हणून. ती नाही म्हणाली. दोन्ही वेळेला नाही म्हणाली."

हे मला माहीत नव्हतं. मी तेव्हा दार लावून आत होतो. मी म्हटलं, "आई, तुला कुठे ठाऊक होतं?" तिने हात वर करून मला गप्प केलं.

"ती होती तोवर सांगायचं होतंस रे. जवळ घेतलं असतं मी तिला. म्हटलं असतं, चुकलं गं माझं." तिने फोटो मांडीवर ठेवला आणि पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे बघितलं. "तू सांगून मोकळा झालास. मी आता कुणाला सांगू?"